आमच्या साडूंचे तास

माणसाची लायकी वय, पदवी किंवा पगार पाहून न ठरवता निव्वळ तासांवर ठरवणारा गृहस्थ साऱ्या म्हैसुरात एकच असेल, आणि तो आमच्या सासऱ्यांनी धाकट्या मुलीसाठी शोधून माझा साडू करून ठेवला. साडूंची उमेदीची सगळी वर्षं विमान शिकवण्यात गेली. दोघंच मावतील अशा एका इंजिनाच्या विमानात शेजारी शिकाऊ पोराला बसवायचं आणि तो ते पाडणार नाही एवढं बघायचं, हा त्यांचा व्यवसाय. वैमानिकाचा अनुभव तासांत मोजतात. साडूंनी तोच हिशेब उरलेल्या मानवजातीला लावला. त्यांच्या वस्तीत, बोगादीत, नवा दंतवैद्य आला तेव्हा साडू त्याच्या खुर्चीत आडवे झाले, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि विचारलं, "दाढ काढण्याचे तुमचे तास किती झाले, डॉक्टर?" डॉक्टर म्हणाला, बरीच वर्षं प्रॅक्टिस आहे. "अय्यो, वर्षं नकोत हो! वर्षं कॅलेंडरलाही होतात. तास सांगा, तास." त्या बिचाऱ्याने बोटांवर खरोखर हिशेब मांडला, तेव्हा कुठे साडूंनी पुन्हा तोंड उघडलं.

स्कूटर काढायची तरी तिला प्रदक्षिणा घालून, चाकं दाबून, आभाळाकडे बघून मागे बसलेल्या मेव्हणीला वारा, वाट आणि पर्याय ऐकवल्याशिवाय ते निघत नसत. पर्याय म्हणजे ठरल्या जागी उतरता आलं नाही तर कुठे उतरायचं ते. गावाबाहेर येलवालला एका लग्नाला गेले, तर कार्यालयासमोर गाड्यांची ही गर्दी. साडूंनी कार्यालयाभोवती दोन घिरट्या घातल्या आणि ठरल्या पर्यायाप्रमाणे थेट बोगादीला परतले. मुहूर्त तोंडावर आला होता आणि वधूचं मंगळसूत्र मेव्हणीच्या पर्समध्ये होतं. मी गाडी घेऊन धापा टाकत त्यांच्या घरी पोहोचलो, तर हे शांतपणे बूट काढत होते. "उतरायची घाई करणारे फार टिकत नाहीत, साडूभाऊ," एवढंच म्हणाले.

पण नात्यागोत्यात त्यांची ख्याती झाली ती एका मुलाखतीमुळे. बंगळूरला एका विमान कंपनीत ते मुलाखतीला गेले, आणि समोरच्या तीन साहेबांना त्यांनीच विचारलं, "मला तपासताय खरं, पण माणसं तपासण्याचे तुमचे तास किती?" साहेबांनी त्यांना बाहेरची वाट दाखवली. ही गोष्ट गेली वीस वर्षं बारशात, मुंजीत, आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत सांगितली जाते. सांगणारा मीच असतो. आता वय झालं, म्हणून एकदाच लिहून मोकळा होतो: अशी मुलाखत कधी झालीच नाही.

त्या कंपनीच्या भरतीच्या कचेरीत तेव्हा मीच अर्ज चाळत असे. कंपनीला हवी होती कोवळी पोरं. एकूण तास थोडे असले तरी चालत, पण जेट विमानाचं शिक्षण ताजं हवं, म्हणजे त्यांना आपल्या पद्धतीने घडवता येतं. लहान विमानांतले हजारो तास तिथे चिल्लरीसारखे धरत. आमचे साहेब म्हणत, "हे शिकवणारे लोक एकच तास हजार वेळा उडालेले असतात." त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. साडूंच्या अर्जात जेटचा रकाना कोरा होता. तरी साहेब माझं ऐकत. इतर दोघातिघांचे असे अर्ज मी हातात घेऊन आत गेलो होतो. साडूंचा नेला नाही. नातलगाची शिफारस केली म्हणतील, ही भीती होती. आणि खरं सांगायचं तर धाकटा जावई सोनेरी पट्ट्यांचा गणवेश घालून सासुरवाडीला आला तर मला कोण विचारणार, हेही मनात होतंच. नकार गेला. सासऱ्यांनी कारण विचारलं तेव्हा मी ती मुलाखत जागच्या जागी रचली. साडूंच्या स्वभावाला ती इतकी शोभली की कुणी शंकाच घेतली नाही. साडू समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि खदखदून हसत म्हणाले, "हौदु हौदु, अगदी खरं, आणि त्या मधल्याचं तोंड बघायला हवं होतं!"

यंदा गणपतीच्या आरतीनंतर पुण्याहून बोगादीत राहायला आलेला एक तरुण माझ्याजवळ आला. गावाबाहेरच्या धावपट्टीजवळ वैमानिकांची नवी शाळा निघते आहे, तिथल्या शिक्षकांच्या निवडीचं काम त्याच्याकडे. म्हणाला, "काका, जेटची सर्टिफिकेटं घेऊन शिकवायला आलेली मुलं वारा फिरला की गांगरतात. तुमच्या साडूंसारखाच माणूस हवाय आम्हाला. पण ती मुलाखतीची गोष्ट आमच्या डायरेक्टरांच्या कानावर गेलीय. ते म्हणतात, भांडखोर माणूस नको." प्रसाद हातातच राहिला. मी त्याला तिथल्या तिथे सगळं सांगितलं, आणि तसाच साडूंच्या घरी गेलो.

साडूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कशाला सांगितलंत? लोकांच्या तोंडी का होईना, माझी एक मुलाखत झाली होती. तीही रद्द केलीत."

"खोटं आहे हे ठाऊक असून त्या दिवशी हसलात का?"

"मग काय सांगायचं होतं? कागदच वर गेला नाही म्हणून? त्यापेक्षा भांडून हरलेला बरा दिसतो."

मी माफी मागितली, साहेबांचं ते वाक्यही सांगून टाकलं. त्यावर मात्र ते उसळले. "एकच तास हजार वेळा? असेल! पण दर वेळी शेजारी मला मारायला निघालेला पोरगा नवा होता, ते नाही मोजलं तुमच्या साहेबाने?" मेव्हणी आतून म्हणाली, "भावजी, स्वल्प कॉफी घ्या आता. ओरडले म्हणजे राग गेला." पण गेला नव्हता. दोन आठवडे त्यांनी माझा फोन उचलला नाही. मग एका सकाळी स्वतःच केला. शाळेकडून बोलावणं आलं होतं, आणि मी सोबत यावं असं त्यांचं म्हणणं होतं.

ठरल्या दिवशी आम्ही शाळेच्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसलो होतो. कडक इस्त्रीचा शर्ट, पांढरे केस पाण्याने चापून बसवलेले. आयुष्यभर दुसऱ्यांना धीर देणारा हा माणूस फरशीकडे पाहत होता. हळूच माझ्याकडे झुकून त्यांनी विचारलं, "साडूभाऊ, मुलाखतीत आधी काय विचारतात हो?"

"नाव विचारतात," मी कसंबसं म्हणालो.

"ते येतं मला," ते म्हणाले, आणि तेवढ्यात आतून हाक आली. ते कॉलर सारखी करत उठले. दार पुरतं लागलं नव्हतं. आतून त्यांनी आपलं नाव सांगितलेलं मला ऐकू आलं, आवाज जरासा कापरा. मग कुणीतरी अदबीने म्हणालं, "बसा ना, सर," आणि खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.