आधी शाळा, मग घर

कुवेतमधल्या कोणत्या इमारतीच्या कोणत्या मजल्यावरच्या कोणत्या खिडकीतून दुपारी तीन वाजता ऊन आत येतं, हे जागेवरून न हलता सांगू शकणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो माझ्या बाबांचा जुना रूममेट आहे. ‘जगात’ लिहिताना हात जरा अडखळतो, कारण मी जग पाहिलेलं नाही. गुहागरजवळचं आमचं गाव, कुवेत आणि आता हे पुण्यातलं कॉलेज, एवढंच. पण कुवेतपुरतं तरी मी शपथेवर सांगेन. बाबा वेल्डर म्हणून तिकडे गेले तेव्हा खैतान भागातल्या एका खोलीत सहा जण राहायचे. खालच्या खाटेवर बाबा आणि त्यांच्या वरच्या खाटेवर हे. पुढे बाबा फोरमन झाले, फॅमिली व्हिसापुरता पगार झाला, आणि नववीच्या वर्षी आई आणि मी तिकडे गेलो. विमानतळावर बाबांनी ओळख करून दिली, "हे माझे रूममेट." त्या दिवसापासून मी त्यांना रूममेटकाका म्हणते. त्यांनी आमच्या बॅगा गाडीत टाकल्या आणि मला पहिला प्रश्न विचारला, "बाय, तुला बस लागते काय गो?" मला वाटलं, उलटीची काळजी असेल. ती काळजी नव्हती, तो सर्व्हे होता.

काकांचा धंदा एसी दुरुस्तीचा. कंपनीची पांढरी व्हॅन, मागे गॅसचे सिलिंडर आणि शिडी. एसी बिघडला की माणूस कुणालाही घरात घेतो, त्यामुळे काका दिवसाला पाच-सहा घरं आतून बाहेरून बघायचे. पंधरा वर्षं हे चाललेलं. जाळी साफ करता करता ते घराच्या बाईला विचारत, मुलं कुठल्या शाळेत, बस किती वाजता येते, भाडं वाढवलं का, हारिस कसा आहे. हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार. काकांच्या मते लग्नाला जशी सासू तसा घराला हारिस, आधी त्याला बघून घ्यावं. ही सगळी माहिती त्यांच्या डोक्यात कपाटातल्या कपड्यांच्या घड्यांसारखी नीट लावलेली असे. मग कुणा मराठी माणसाची फॅमिली येणार म्हटलं की काका हजर. पैसा नाही, दलाली नाही, चहासुद्धा घर पसंत पडल्यावर. नियम एकच, आधी शाळा, मग घर, आणि ऑफिस सगळ्यांत शेवटी. "मोठा माणूस कामावर पोचतोच," ते म्हणत, "त्याला पगार ओढत नेतो. पोराला कोण ओढून नेणार?" पुण्याचे एक इंजिनिअर शर्क भागात ऑफिस आहे म्हणून समुद्र दिसणारा फ्लॅट घ्यायला निघाले होते. काकांनी खिडकीतून समुद्र नीट पाहिला, मान डोलावली आणि विचारलं, "छान आहे साहेब. हा रोज सकाळी मुलीला शाळेत सोडील काय?" इंजिनिअर चिडले. महिन्याभरात त्यांनी काकांनी सांगितलेलं घर घेतलं, आणि पुढे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ‘समुद्र शाळेत सोडत नाही’ हे वाक्य स्वतःचं म्हणून ऐकवू लागले.

त्याच इंजिनिअरांनी एकदा आनंदाने म्हटलं होतं, "काही म्हणा, इथे टॅक्स नाही हे मोठं सुख!" काका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. कर नाही कोण म्हणतो? काकांच्या हिशेबी कुवेतमध्ये प्रत्येक भागाला वेगळा कर होता, फक्त तो पगारातून कापत नसत. खैतानला विमानतळ-कर. विमानतळ जवळ, त्यामुळे मुंबईला जाणारा प्रत्येक ओळखीचा आदल्या दिवशी तुमच्याकडे जेवायला येणार, आणि त्याच्यासोबत गावाला पाठवायची सामानाची पुडकी घेऊन आणखी दहा जण येणार. सबाह अल-सालेमला कोथिंबीर-कर. रस्ते रुंद, हवा मोकळी, सगळं झकास, पण काकांच्या पाहणीत कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी गाडी काढावी लागे. साल्मियाला पार्किंग-कर, आणि वर मार्क-कर. म्हणजे काय, मी विचारलं. "सगळे इंडियन एकाच गल्लीत. तुझे गणितातले मार्क तुला कळायच्या आधी खालच्या मजल्यावर कळणार. हा कर तुला भरावा लागंल बाय." तो मी पुढे भरपूर भरला, विशेषतः सहामाहीला.

काकांच्या परीक्षा तर ऐकण्यासारख्या. घरात शिरल्या शिरल्या ते पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून डोळे मिटून उभे राहत, ताप बघतात तसे. मग नळ. तिकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या तापून साध्या नळाला कढत पाणी येतं, म्हणून लोक गीझर बंद ठेवून त्यात साठलेलं पाणी थंड म्हणून वापरतात. काका आधी गीझर कुठे आहे ते बघत आणि मग घरमालकाचा चेहरा. बसची परीक्षा ते स्वतः देत. ज्या भागात घर बघायचं तिथून शाळेच्या बसमध्ये पहाटे चढत, गुडघे हनुवटीला लावून पहिलीच्या मुलांमध्ये बसत आणि शाळेपर्यंत जाऊन येत. ड्रायव्हर काही म्हणत नसे, त्याच्या खोलीचा एसी काकांनीच बसवलेला. एकदा एका लहान मुलाने त्यांना विचारलं, "अंकल, यू फेल्ड?" काका म्हणाले, "येस. मेनी टाइम्स." आणि त्याला चिक्की दिली.

सगळ्यांत अवघड परीक्षा मात्र माझ्या वाट्याला आली. रिकाम्या फ्लॅटमध्ये काका बादली उपडी ठेवत, मला तिच्यावर बसवत आणि हातात माझंच विज्ञानाचं पुस्तक देत. "अर्धा तास वाच. मी बाहेर थांबतो." अर्ध्या तासाने येऊन ते विचारत, काय वाचलंस? मला सांगता आलं तर घर पास. नाही आलं तर लिफ्टचा आवाज, शेजारचा टीव्ही, खालचा बकाला, म्हणजे किराणा दुकान, यांतलं काहीतरी दोषी. माझी चूक कधीच धरली जात नसे. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी शिकलं नव्हतं. अभ्यासाची चूक घराचीही असू शकते, हे मला पहिल्यांदा काकांमुळे कळलं. मला ते फार आवडायचं. आईला आवडायचं नाही. ती म्हणायची, "भावोजी, तिला अशानं सवय लागेल. नापास झाली तर म्हणेल, घर बदला."

आमचं स्वतःचं घर त्यांनी एका दुपारीत ठरवलं होतं. साल्मियाच्या मागच्या गल्लीत, बेकरीच्या वर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा कां-कू करत होते. काका म्हणाले, "भाडं तुझ्या खिशातलं आहे. वास येईल, उकडंल. पण पोरगी आठ मिनिटांत चालत शाळेत. सही कर." बाबांनी सही केली. दुसऱ्यांच्या घराबाबत हा माणूस असा, सुरीने लोणी कापावं तसा.

मी अकरावीत असताना काका सुपरवायझर झाले. फॅमिली व्हिसापुरता पगार झाला! आमच्याकडे त्या दिवशी शिरा झाला आणि काकांनी तीनदा घेतला. काकू आणि मुलगी खेडला होत्या, आणि काका अजून खैतानच्या त्याच खोलीत, त्याच वरच्या खाटेवर. मुलगी आठवीत. शाळेने कळवलं, नववीत जागा आहे, पण एप्रिलमध्ये वर्ग सुरू होताना मुलगी हजर हवी. थेट दहावीत घेत नाहीत. म्हणजे यंदा नाही तर मग मुलीची दहावी होईपर्यंत नाहीच. हातात चार महिने होते. बाबा म्हणाले, "तुला काय, तू एका दुपारीत शोधशील." आम्हा सगळ्यांना तसंच वाटलं.

पण काकांना घर मिळेना. दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, मी, माझं पुस्तक आणि बादली व्हॅनमधून निघायचो. मला प्रत्येक घर आवडायचं आणि काकांना प्रत्येक घरात काहीतरी दिसायचं. एका खिडकीतून क्रिकेटचं मैदान दिसत होतं, मुलीचं लक्ष उडेल. दुसरीकडे इतकी शांतता की तिला झोप लागेल. तिसऱ्या घरातून शाळा चार मिनिटांवर होती. काका म्हणाले, एवढ्या जवळच्या शाळेत मुलं हमखास उशिरा पोचतात. एका सुंदर फ्लॅटचा हारिस फारच हसतमुख निघाला, म्हणून त्याच्यावर संशय. मी बादलीवर बसून रसायनशास्त्राचे अकरा धडे संपवले. फेब्रुवारी गेला, मार्च आला. काका आमच्याकडे असले की काकूंचा फोन यायचा, आणि आवाज इतका खणखणीत की सगळ्या खोलीला ऐकू यावा. "अहो, घर बघताय की महाल? मला चार भिंती आणि एक नळ पुरे. इथे पोरगी ताडासारखी वाढतेय आणि तुम्ही तिकडे खिडक्या मोजा!" काका फोनवर नुसतं "होय, होय" म्हणायचे, आणि फोन ठेवल्यावर आम्हाला सांगायचे, "तिला कोथिंबीर-कर म्हायत नाही."

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी आमच्याच इमारतीतला दुसरा मजला रिकामा झाला. काकांनी भिंतीला हात लावला. तापलेली. लिफ्ट नाहीच. बेकरीचा वास आमच्यापेक्षा जास्त. मला बादलीवर न बसवताच ते दाराकडे वळले. मी मोठ्यांसमोर फारसं बोलत नाही, अजूनही जमत नाही. पण तेव्हा मी म्हटलं, "काका, आमचंपण घर नापासच होतं." ते थांबले. "तुमच्या परीक्षेत एकदापण पास झालं नसतं. पण मी दहावी पास झाले ना तिथे." काकांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. मला वाटलं, मी आगाऊपणा केला. मग ते जिन्यात गेले आणि खालच्या हारिसला इतक्या जोरात हाक मारली की बेकरीतले लोकही बाहेर आले.

पुढचे बारा दिवस म्हणजे नुसती दिवाळी! काकांनी भिंती स्वतः रंगवल्या. पश्चिमेच्या भिंतीला जाड पडदा, वर दोन एसी असे बसवले की त्या खोलीत सुरमई आठवडाभर टिकली असती. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा, टेबलाच्या पायाखाली काड्यापेटी सरकवून ते हलत नाही ना ते बघितलं. आईने मसाल्याचे डबे भरले, मी कपाटात कागद घातले, बाबांनी खाटांना चार जादा टाके वेल्डिंगचे मारले. इतक्या वेळा आम्ही त्या घरात गेलो-आलो, पण मोजलं मात्र कुणीच नाही.

काकू आणि मुलगी दुपारच्या विमानाने आल्या. गाडीत काका बोलायचे एक मिनिट थांबले नाहीत. हा रस्ता, ही शाळा, इथून चालत आठ मिनिटं, सावलीची बाजू डावी. मुलगी गप्प बसून ऐकत होती. बापाला तिने दोन वर्षांतून एकदा, सुट्टीच्या महिन्यातच पाहिलेलं, त्यामुळे कुणी नवीन सर शिकवत असल्यासारखी ती मान हलवत होती. घरात आल्यावर काकांनी सगळं दाखवलं. गीझरची युक्ती, पडदा, टेबल. "ही तुझी खुर्ची. ही आईची. ही तुझी खाट, ही आईची."

मुलीने खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "आणि बाबा, तुमची?"

"माझी?" काका सहज म्हणाले, "माझी खैतानला आहे ना."

एसी तेवढा चालू होता. मग काकांचं काकांनाच ऐकू आलं. त्यांनी दोन खाटांकडे बघितलं, दोन खुर्च्यांकडे, दांडीवरच्या दोन नव्या टॉवेलांकडे. पंधरा वर्षं त्यांनी फॅमिली म्हटली की बायको आणि मुलं एवढीच मोजली होती. कपाळावर हात मारून ते हसायला लागले, "अरे, मी ऱ्हायलोच की!" आम्हीही हसलो. काकू हसता हसता पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आणि म्हणे सगळ्या कुवेतला घरं शोधून देतात!" बाबा मात्र हसले नाहीत. ते खाली मान घालून वर आमच्या घरी गेले आणि एक गादी खांद्यावर टाकून घेऊन आले.

त्यानंतर माझ्या बारावीचं वर्षभर मी त्यांच्याकडे रोज अभ्यासाला जायचे. मुलगी टेबलाशी, मी जमिनीवर, काकू स्वयंपाकघरात. संध्याकाळी जेवणं लवकर व्हायची. काका ताट धुवून ठेवायचे, हात पुसायचे, दाराशी चपला शोधायचे आणि म्हणायचे, "चला, निघतो." सुरुवातीला काकू विचारायच्या, "कुठे?" आणि काकांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा व्हायचा. पुढे पुढे मुलगीच पुस्तकातून मान वर न काढता म्हणायची, "बसा बाबा." मग ते बसायचे, पाहुणे बसतात तसे, खुर्चीच्या अगदी कडेवर. मी पुण्याला यायला निघाले तोपर्यंत मागे टेकून बसणं काही त्यांना जमलं नव्हतं.