अन्नवस्त्रमुक्त जगासाठी धरणे

अण्वस्त्रविरोधी चळवळीत तुम्ही कसे आलात, असं कोणी विचारलं की मी घसा खाकरतो, दूर कुठेतरी बघतो आणि ‘विवेकाची हाक’ वगैरे म्हणतो. खरी गोष्ट अशी, की दहा-अकरा वर्षांपूर्वी ऑगस्टात मी विजेच्या कचेरीच्या कामाने अमरावतीहून अकोल्याला गेलो होतो. छत्री बडनेऱ्याच्या फलाटावर विसरली होती. अकोल्याच्या कलेक्टर कचेरीसमोर पाऊस कोसळला आणि मी दिसेल त्या मांडवात शिरलो. आत सतरंजीवर दोन माणसं बसलेली होती. एक इतिहासाचे निवृत्त शिक्षक आणि दुसऱ्या त्यांच्या पत्नी. पाऊस तासभर हटला नाही. तेवढ्या वेळात सरांनी मला हिरोशिमा सांगितलं, बाईंनी थर्मासमधला चहा पाजला. पाऊस उघडला तेव्हा त्यांचा चहा पिऊन लगेच उठणं मला बरं दिसेना. म्हणून बसलो. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. तोवर सवय लागली होती.

सरांची पद्धत ठरलेली होती. सहा ऑगस्टला हिरोशिमावर बॉम्ब पडला, नऊला नागासाकीवर. या दोन तारखांमधले चारही दिवस धरणं धरून बसायचं. घोषणा नाहीत, उपोषण नाही, रस्ता अडवणं नाही. सकाळी सव्वाआठला, हिरोशिमावर बॉम्ब पडला त्या वेळेला, एक मिनिट गप्प राहायचं. मग संध्याकाळपर्यंत बसायचं आणि येईल त्याला समजावून सांगायचं. पंचाईत एकच होती, येत कोणी नसे. मी तिसरा. माझ्यानंतर चौथा आला नाही.

गेल्या वर्षी सर आणि बाई अकोला सोडून अमरावतीला मुलीकडे राहायला आले. सरांचे गुडघे गेले होते आणि डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली होती. सर मला म्हणाले, या ऑगस्टात अमरावतीत बसून बघू. चार दिवसांत एक जरी नवा माणूस न बोलावता, दुसऱ्या कशासाठीही नाही तर फक्त बसायला म्हणून परत आला, तर पुढच्या वर्षीही बसायचं. नाही आला तर नऊ तारखेला सतरंजी गुंडाळायची, ती कायमची.

मी लगेच म्हणालो, “सर, मी आहे ना.”

या तीन शब्दांचा इतिहास आमच्या घरात चांगला नाही. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको कुकरची शिट्टी काढता काढता म्हणाली, “तुमी ‘मी आहे ना’ म्हनले की मले धस्स होते.”

पोलिसांची परवानगी मी आणली. इथल्या कलेक्टर कचेरीसमोर मांडव सांगितला. राहिला फलक. फ्लेक्सच्या दुकानाला मी फोन केला तो गिल्या वड्याच्या गाडीवरून, तोंडात दह्यात बुडालेला अर्धा वडा असताना. इथे एक सांगायला हवं. आमच्या वऱ्हाडात ‘ण’ हे अक्षर फक्त पुस्तकात असतं. पाणी आम्ही ‘पानी’ पितो आणि लोणी ‘लोनी’ खातो. पण मी तरुणपणी दोन वर्षं पुण्यात काढली असल्यामुळे माझा ‘ण’ शुद्ध आहे, अशी माझी चार लोकांत ख्याती आहे. म्हणजे मीच ती सांगत असतो. त्या दिवशी माझा तो पुणेरी ‘ण’ दह्यात बुडाला. मी म्हणालो, अण्वस्त्र. पलीकडच्या भाऊने ऐकलं, अन्नवस्त्र.

त्याचा दोष नाही. त्याने फोनवर नमुना पाठवला होता. माझा चष्मा घरी होता. बाकी सगळं धूसर होतं, पण खाली ‘निमंत्रक’ आणि त्यापुढे माझं नाव मोठ्या अक्षरात होतं, तेवढं ओळखू आलं. मी ताबडतोब अंगठा पाठवला.

सहा तारखेला सकाळी सातलाच मी तो फलक सतरंजीच्या मागे बांधला. फलक बांधणाऱ्याला फलक वाचता येत नाही. नाक त्याला टेकलेलं असतं. सर-बाई ऑटोने आले. सर गुडघे सांभाळत, खाली बघत आले आणि डॉक्टरांना न जुमानता सतरंजीवरच, रस्त्याकडे तोंड करून, फलकाकडे पाठ करून बसले. बाईंनी फलकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पदराने तोंड पुसलं आणि बसल्या. मला वाटलं, माझं नाव आवडलं.

सव्वाआठचं मिनिट संपलं. बंदोबस्ताला एक महिला शिपाई होती. तिने मला हळूच बाजूला घेतलं.

“काका, एक विचारू? जेवन नोको, थे समजलं. पन कपडे काहून नोको?”

मी वळलो आणि पहिल्यांदाच दुरून वाचलं. ‘आम्हाला अन्नवस्त्रमुक्त जग हवे!’ त्याखाली: ‘सर्व देशांनी आपापली अन्नवस्त्रे ताबडतोब नष्ट करावीत.’ आणि त्याखाली, ‘जग’ या शब्दाच्या दुप्पट आकारात, मी.

फलक काढायला मी दोरीला हात घालणार, तोच रस्त्यावर दोघं-तिघं थांबलेले दिसले. मग पाच-सात झाले. सर ताठ बसले. इतक्या वर्षांत त्यांच्या मांडवासमोर माणसं थांबलेली त्यांनी पाहिलीच नव्हती. ते सांगू लागले. माणसं थोडं हसत होती, फोटो काढत होती, पण थांबलेल्या माणसाच्या कानात काही ना काही शिरतंच, आणि काहीजण खरोखर ऐकत राहिले. एका गृहस्थाने फक्त ‘अन्नवस्त्र’ एवढंच वाचलं आणि घरी जाऊन जुन्या पँटींची पिशवी आणून दिली. सरांनी ती पाठिंबा म्हणून स्वीकारली. दुपारी ते मला म्हणाले, “अमरावतीचं पाणी वेगळं आहे हो.”

आता हे सर कसे, तर घरी लग्नपत्रिका आली की आधी लाल पेनाने तपासणार आणि मग तारीख बघणार. सख्ख्या पुतण्याची पत्रिका त्यांनी ‘आशिर्वाद’मधली ‘शि’ दीर्घ करून परत पाठवली होती. त्यांना मी काय सांगणार? मी दिवसभर फलकासमोर उभा राहून, जमेल तेवढा फलक अंगाने झाकत होतो. माझं अंग तसं उपयोगी आहे, पण फलक दहा फुटी होता.

त्या गर्दीतच एक ताई आल्या. धामणगावकडच्या खेड्यातल्या. रेशन कार्डातून त्यांचं नाव गळलं होतं आणि कचेरीत त्यांचा हा तिसरा हेलपाटा होता. फलक वाचून त्या म्हणाल्या, तुम्ही धान्यासाठीच बसलात ना, मग मीही बसते. बसल्या. सरांनी त्यांना अर्ज लिहून दिला. सरांचं अक्षर असं, की कारकुनाने म्हणे तो अर्ज दोनदा वाचला. मात्र काम उद्या होईल म्हणाला.

संध्याकाळी मी फ्लेक्सच्या दुकानात स्वतः गेलो. चष्मा लावून गेलो. एकेक अक्षर बोटाने दाखवून नवा फलक करून घेतला आणि सात तारखेला सर यायच्या आत बांधला. जुना गुंडाळून सतरंजीखाली सरकवला. ‘आम्हाला अण्वस्त्रमुक्त जग हवे!’ शुद्ध, निर्दोष. माझं नावही जरा लहान केलं होतं.

दुपारपर्यंत कुत्रंसुद्धा थांबलं नाही.

सर रस्त्याकडे बघत होते. माणसं समोरून जात होती, फलकाकडे बघत होती आणि पुढे जात होती. सर दोनदा म्हणाले, काल काय होतं आणि आज काय नाही? मी आभाळाकडे बघून म्हणालो, पावसाची चिन्हं आहेत. आभाळ निळंशार होतं.

बाराच्या सुमारास कालच्या ताई कचेरीतून आल्या. त्यांना आता पुन्हा उद्या बोलावलं होतं. मांडवात पाय ठेवताच म्हणाल्या, “कालचा बोर्ड कुठी गेला?”

“कालचा म्हणजे?” सर म्हणाले. “बोर्ड हाच.”

“नाई बा. कालचा वाचता येत होता.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाचं ते बघणं होतं. मी सतरंजीखालून गुंडाळी काढली आणि उलगडली. सरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. लाल पेन खिशात होतं, पण त्यांचा हात तिकडे गेला नाही. ते बाईंना म्हणाले, “तुला दिसलं होतं?”

“मले कालच सकाळी दिसलं,” बाई म्हणाल्या. “इतक्या वर्षांत पयल्यांदा मानसं थांबून राहिली होती. मी काय येडी आहे सांगाले?”

मला वाटलं, संपलं. सतरंजी आजच गुंडाळली जाणार आणि ती माझ्या नावावर. पण ताई नव्या फलकाखाली उभ्या राहून वाचत होत्या. सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. “अ... न... हे मधात काय आहे?” असं म्हणून अडकल्या. पुन्हा मागे येऊन पुन्हा अडकल्या. सरांनी समजावलं, अणू अधिक अस्त्र, दोन्ही मिळून संधी होतो. ताईंनी विचारलं, “मंजे बम?”

“हो. बॉम्ब.”

“मंग बमच लिहा ना.”

मग सरांनी त्यांना सव्वाआठची गोष्ट सांगितली. सकाळची वेळ, पोरं शाळेला निघालेली, घरोघर चुली पेटलेल्या. ही गोष्ट मी दरवर्षी ऐकतो. ऐकताना लोक बॉम्ब केवढा होता ते विचारतात. ताईंनी विचारलं, “मंग त्या सैपाकाचं काय झालं?”

सरांनी थर्मासमधला चहा ओतून त्यांच्यापुढे सरकवला. ताईच मग म्हणाल्या, “साधं लिहा. बम नोको बाप्पा. कोनालेबी समजते.”

ताई बस गाठायला गेल्यावर सर बाईंना हळूच म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं हे कोणाला वाचताच येत नव्हतं?”

“मले बी पयल्या वर्षी नोतं आलं,” बाई म्हणाल्या.

हे त्यांनी इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. सरांचे खांदे हलू लागले. मी घाबरून जवळ गेलो, तर ते हसत होते.

आठ तारखेला सकाळी सरांनी रंगाचा डबा आणि ब्रश मागवला. माझा तो अन्नवस्त्राचा फलक उलटा पसरला, मागची कोरी पांढरी बाजू वर केली आणि गुडघ्याखाली दोन उशा घेऊन स्वतः लिहायला बसले. ‘बम’ लिहिलं. मग ‘न’ लिहिला आणि ब्रश थांबला. ‘नको’ की ‘नोको’? ज्या माणसाने पुतण्याची पत्रिका परत पाठवली, त्याच्यापुढे हा प्रश्न होता. बाई पान लावत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. सरांनी एक लांब श्वास घेतला आणि ‘न’ला काना देऊन वर मात्रा ठेवली.

त्या दिवशी माणसं थांबली. पहिल्या दिवसाइतकी नाही, पण वाचून हसत नव्हती. बरीच नुसती मान हलवत होती. दुपारी ताई आल्या. कार्डात नाव चढलं होतं. कागद सगळ्यांना दाखवून गेल्या. त्या गेल्यावर मी सरांना म्हणालो, झालं ना, ताई परत आल्या. सर म्हणाले, त्यांना कचेरीने बोलावलं होतं. हे धरता येणार नाही.

नऊ तारीख शनिवारी आली. कचेरी बंद आणि त्यात राखी. रस्त्यावर जो तो मिठाईचा डबा घेऊन कुणाच्या तरी घरी चाललेला. सव्वाआठला आम्ही तिघं गप्प बसलो. दहा वाजले, साडेदहा वाजले. मी सतरंजीचं टोक उगाच सरळ करत होतो. मांडवाच्या दोऱ्या कोणत्या क्रमाने सोडायच्या, तेही मनात ठरवून टाकलं होतं.

आणि ताई आल्या. नवं लुगडं, हातात पेढ्याचा डबा. सर त्यांना आधी काय म्हणाले असतील? “ताई, आज कचेरी बंद आहे.”

“मालूम आहे. भावाकडे चालली. राखी आहे ना.”

सरांनी माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. म्हणजे भावाने बोलावलं होतं. हेही धरता येणार नव्हतं. मी काही बोलायच्या आत बाईंनी सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला.

“हे पावसाले भेऊन आले होते,” माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. “त्यायले धरलं ना तुमी?”

सर माझ्याकडे बघत राहिले. दहा-अकरा वर्षांत मी त्यांना विवेकाची हाकच सांगत आलो होतो. मी पायाचा अंगठा बघत म्हणालो, छत्री फलाटावर राहिली होती, सर.

तोवर ताई चप्पल काढून सतरंजीवर टेकल्याही होत्या. पेढ्याचा डबा मांडीवर ठेवून विचारत होत्या, ते गप्प बसायचं मिनिट झालं काय?

“झालं,” सर म्हणाले. “सव्वाआठला.”

“माही बस उशिरा आली. आता बसू ना मंग.”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. अकराला दहा कमी होते. सव्वाआठ म्हणजे सव्वाआठ, यावर इतकी वर्षं ठाम राहिलेल्या त्या माणसाने घड्याळ मनगटावरून काढून सतरंजीवर पालथं ठेवलं आणि डोळे मिटले. आम्हीही मिटले. मधेच ताईंचा फोन वाजू लागला. भावाचा असणार. त्यांनी तो वाजू दिला.

संध्याकाळी सतरंजी गुंडाळली ती मीच. सर म्हणाले, वर्षभर तुमच्याकडे ठेवा, कोरडी ठेवा, उंदीर लागू देऊ नका. आता ती आमच्या पलंगाखाली आहे. फलक दिवाणखान्याच्या भिंतीला टेकवून ठेवला आहे, ‘बम नोको बाप्पा’ समोर आणि ‘अन्नवस्त्रमुक्त जग’, माझ्या मोठ्या अक्षरातल्या नावासकट, भिंतीकडे. येणारेजाणारे पहिलं वाचतात आणि चहा पिता पिता थोडं ऐकूनही जातात. बायको म्हणते, फलक असाच राहू द्या, उलटा करू नका. नाई तं जेवायले मागसान तवा मी थोच बोर्ड दाखवीन.