स्वयंपाकघरातली खाट

डबेवाल्या वहिनींचं स्वयंपाकघर आणि त्यांच्या सासऱ्यांची झोपायची खोली एकच होती. म्हाताऱ्याची उभी हयात कारखान्यात बॉयलरपाशी गेलेली. ऊब नसली की त्याचे सांधे धरत आणि कण्हण्याने सगळ्या घराची झोप उडे. म्हणून खाट शेगडीशेजारी. घर दोनच खोल्यांचं, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

मग ज्या कचेरीत वहिनींचे डबे जात, तिथून निरोप आला: नगरपालिकेची नोंदणी नसेल तर डबे बंद. नवऱ्याची नोकरी सुटलेली, घर चालायचं ते डब्यांवरच. वहिनींनी अर्ज केला. तपासणीच्या सकाळी नवऱ्याने खाट बाहेरच्या खोलीत नेली, फरशी घासली आणि "बाबा, साहेबांसमोर खाटेबद्दल चकार शब्द काढू नका," असं बापाला बजावलं. बजावायचंच नव्हतं. या म्हाताऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

निरीक्षकांनी पाण्याची टाकी पाहिली, खिडकीची जाळी पाहिली, मान डोलावली. सही करणार, तोच बाहेरून हाक आली, "सूनबाई, गेले का गं साहेब? खाट आत घ्या आता, पाय आखडले माझे."

निरीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. "झोपायच्या खोलीत विक्रीचा स्वयंपाक चालत नाही. खाट तरी ठेवा, नाहीतर शेगडी. मी पुन्हा येतो."

"झालं समाधान?" नवरा बापावर उखडला. "हातातोंडाशी आलेला घास घालवलात. जा आता ताईकडे राहायला."

"भर माझी पिशवी," म्हातारा एवढंच म्हणाला. नवऱ्याचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

वहिनी निरीक्षकांच्या मागोमाग दारापर्यंत गेल्या. "साहेब, स्वयंपाकघर कुठल्या खोलीला म्हणायचं, हे कोण ठरवतं?"

"तुम्हीच."

"मग बाहेरची खोली लिहा."

"अगं, आणि आपण बसायचं कुठे? झोपायचं कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"आत. मामंजींच्या पायाशी."

गवंडी आला, बाहेरच्या खोलीत ओटा झाला. दार उघडलं की थेट पातेली दिसतात म्हणून वन्सं नाक मुरडून गेल्या. वहिनींनी मनावर घेतलं नाही.

निरीक्षक पुन्हा आले तेव्हा सगळं नियमात होतं. एकच गोष्ट त्यांना पटेना. "शेगड्या खिडकीखाली का नाही घेतल्या? वाफ आपोआप गेली असती. या मधल्या भिंतीला चिकटवून वर पंख्याचा खर्च कशाला वाढवलात?"

"असू द्या. इथेच बरं पडतं," वहिनी पातेलं ढवळत म्हणाल्या.

निरीक्षक आतली खोली पाहायला गेले. म्हातारा त्याच भिंतीला पाठ लावून गाढ झोपला होता. निरीक्षकांनी खाटेच्या वर भिंतीला तळवा लावून पाहिला, क्षणभर तसाच ठेवला, आणि पाय न वाजवता बाहेर येऊन सही केली.