तलावातून परत आलेली सून

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा साकोलीच्या एका शाळेत शिकवत होते आणि सुटीच्या दिवशी गावोगाव जाऊन एकटीच गोष्टी सांगत होते. पेटी नाही, तबला नाही. पदर कमरेला खोचायचा आणि सासू, सून, मालगुजार, सगळं आपणच व्हायचं.

तलावाची गोष्ट लोक हटकून मागायचे. आमच्याकडे जवळपास प्रत्येक तलावाला ती चिकटलेली आहे. गावचा जमीनदार, म्हणजे मालगुजार, तलाव खोदतो, पाणी काही लागत नाही. स्वप्नात देवी येते आणि धाकटी सून मागते. सून नटूनथटून आत उतरते. पाणी घोट्याला लागतं, गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. तलाव भरतो, सून जाते. ऐकणाऱ्या बाया डोळे पुसतात. मीही पुष्कळ दिवस ती तशीच सांगितली.

मग एकदा तांदूळ निवडता निवडता आईने सहज एक सांगितलं. ती लग्न होऊन सानगडीजवळच्या आमच्या गावी आली, त्याच उन्हाळ्यात बौद्ध मोहल्ल्यातली विहीर आटली. गावच्या तलावात पाणी होतं, पण त्या घाटावर आमच्या लोकांनी उतरायचं नाही, असा रिवाज. आजोबांनी दीक्षा घेऊन कितीतरी वर्षं झाली होती, रिवाज तसाच होता. आईने पाण्याचा पितळी गुंड उचलला आणि एकटी घाट उतरली. वरून माणसं ओरडत राहिली. एकाने ढेकूळ मारलं, ते खांद्याला लागलं. ती पाणी भरून वर आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. चौथ्या दिवशी तिच्यामागे मोहल्ल्यातल्या सगळ्या बाया होत्या.

इतकी वर्षं हे माझ्यापासून लपलेलं राहिलं, याचा मला राग आला. त्याहून जास्त राग स्वतःचा आला. बाईला बुडवून मी बायांना रडवत होते. पुढच्या वेळी मी सुनेला गुडघाभर पाण्यात थांबवलं आणि म्हटलं, "आता इथून पुढे माझी आई उतरते." माझी सून भरलेला गुंड घेऊन घरी आली.

दिवाळीनंतर आमच्याच गावात मंडईची जत्रा भरते, तिथे मला बोलावणं आलं. आठवडाभर आधी मंडई समितीचे अध्यक्ष घरी आले. चहा झाल्यावर म्हणाले, "मॅडम, तलावाची गोष्ट सांगा, पण जुनी. घरचं काहून आणता तिच्यात? गावाची बदनामी होते."

"गावानं केलं तेच सांगते, काका."

"मंग नाव काटावं लागते तुमचं."

"काटा."

त्यांनी काटलं. मंडईच्या दिवशी शाळेपुढे दंडारीच्या लोकनाट्याचा मंच सजला. मी भरदुपारी तलावाच्या बांधावर, पाळीवर, त्याच घाटाच्या वर जाऊन उभी राहिले. आधी पाच-सहा बाया बसल्या, मग मंडईला आलेली माणसं थांबत गेली. आई पुढे बसली होती. अध्यक्षही मागे येऊन उभे राहिले.

मी रंगात आले होते. आई वाघिणीसारखी उतरली, तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, असं म्हणाले, तोच आई बसल्या जागेवरून बोलली.

"तसं नोतं."

मी थांबले.

"गुडघाभर नोतं पाणी, कंबरेएवढं होतं. खाली गाळ होता. अन् मी थरथर कापून राहिली होती. दोनदा मागं पाह्यलं. तेही सांग. भेव लागलं तरी गेली, असं सांग."

मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "तूच होती काय वो ते?"

"मीच. ढेकूळ कोणं मारलं तेही मालूम आहे मले. सांगू?"

अध्यक्ष मंचाकडे निघून गेले. मी गोष्ट पुन्हा घाटाच्या पहिल्या पायरीपासून सुरू केली, या वेळी आईने सांगितली तशी.

पुढच्या वर्षी समितीचं पुन्हा बोलावणं आलं, अटही तीच. मी निरोप पाठवला, मी पाळीवर असेन. त्या वर्षी दंडार तासभर उशिरा सुरू झाली. अर्धं गाव पाळीवर बसलं होतं.