सगळ्यात उशिरा बातमी देणारे आम्ही

आमच्या धंद्यात बातमी संध्याकाळपर्यंत शिळी होते, किस्से मात्र कितीही वेळा सांगा, ताजेच! कुठेही चार मित्र जमले की सुरू होतात, "सुषमा, तो खिडकीवाला सांग ना!" म्हणून आज सगळे एकदम सांगून टाकते.

आमचं नवी मुंबईच्या बातम्यांचं छोटंसं पोर्टल आहे. ऑफिस वाशीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. पाटकर सर संपादक, निलेश बातमीदार, आणि मी डेस्कवर, म्हणजे दोघांवर ओरडायला. सरांचा नियम एकच: आधी पाय, मग बोटं. जागेवर जाऊन ये, माणसाशी बोल, मगच टाइप कर.

त्यामुळे आम्ही कायम लेट! बाकीच्या पेजेसवर बातमी येते, शेअर होते, कमेंट्समध्ये भांडणं होऊन मिटतातसुद्धा, तेव्हा कुठे आमची उगवते. मध्यंतरी वाचक इतके घटले की सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर शटर खाली." मी बाथरूममध्ये जाऊन रडले, खोटं कशाला सांगू. पण नियम सोडू या, असं तिघांपैकी एकही जण म्हणाला नाही. त्याचा मला आजही माज आहे.

*

एका सोसायटीत बिबट्या फिरतोय म्हणून फोटो आला. बाकीच्यांनी लगेच 'बिबट्याची दहशत' वगैरे सुरू केलं. निलेश तिथे गेला, अख्ख्या कंपाउंडला चक्कर मारली. फोटोतली दगडी भिंत त्या सोसायटीत नव्हतीच! वॉचमनला विचारलं, वनखात्याला विचारलं, आणि आम्ही छापलं: बिबट्या नाही.

वाटलं, आता सेक्रेटरी थँक्यू म्हणतील. त्यांचा फोन आलाही.

"मॅडम, एवढी घाई काय होती? पोरं पहिल्यांदाच अंधार पडायच्या आत घरी येत होती!"

आम्हाला कोणी घाई केली म्हणायची ती पहिली आणि शेवटची वेळ.

*

महाप्याच्या आयटी पार्कमधून टायबिय लावलेले एक गृहस्थ आले. "सर, आमचं सॉफ्टवेअर रोज ढीगभर बातम्या लिहून देईल. जागेवर जायचं टेन्शनच नाही!"

नमुना म्हणून त्यांनी एक लेख वाचून दाखवला. 'वाशीच्या प्राचीन किल्ल्याच्या बुरुजावरून दिसणारा सूर्यास्त...' वाशीत किल्ला! मी पाण्याचा घोट कसाबसा गिळला.

सरांनी शांतपणे गाडीची चावी उचलली. "चला, अजून उजेड आहे. बघून येऊ."

गृहस्थ खरंच उठले हो! जिन्यापर्यंत गेले आणि मग त्यांना काम आठवलं.

*

आता खिडकीवाला. तळोज्याच्या बाजूला केमिकलचा वास येतो म्हणून लोक हैराण. निलेश प्रदूषण खात्यातल्या एका साहेबांना भेटायला गेला. साहेब म्हणाले, "वासबीस काही नाही."

"मग खिडकी उघडू, साहेब?"

"नको नको! एसी चालू आहे."

निलेश तणतणत परत आला आणि 'निर्लज्ज', 'निगरगट्ट' असं बरंच काही लिहून बसला. मी सगळं कापलं.

"ताई, तू जाम खडूस हाय!"

"असू दे. जे झालं तेवढंच लिही."

शेवटी तीनच ओळी राहिल्या. साहेब म्हणाले, वास नाही. आमच्या प्रतिनिधीने विचारलं, खिडकी उघडू का. साहेब म्हणाले, नको. लोकांनी त्या ओळींच्या प्रिंट काढून लिफ्टमध्ये चिकटवल्या.

*

आणि हिराजीनाना. निलेशच्या गावचे भजनीबुवा, खाडीपट्ट्यात सगळे ओळखतात. एका दुपारी प्रत्येक ग्रुपवर त्यांचा हार घातलेला फोटो. भावपूर्ण श्रद्धांजली! निलेश रडतच त्यांच्या घरी गेला, तर नाना ओट्यावर बसून बोंबलाचं कालवण ओरपतायत.

"कोनी मारला रं मना?"

आम्ही बातमी टाकली: हिराजीनाना ठणठणीत. उरणहून निघालेले पाहुणे अर्ध्या वाटेतून परत फिरले. नाना नंतर जो भेटेल त्याला आमची बातमी दाखवत सुटले.

पुढे काही महिन्यांनी, दिवाळी तोंडावर आलेली, सर जागामालकाशी शटरचं बोलून आलेले, आणि सकाळीच नानांच्या मुलाचा, गणेशचा फोन.

"ताई, नाना गेलं."

"अरे देवा! कधी?"

"पाटंला. तुमी निलेशला धाडा ना."

"अरे, धाडायचं काय त्यात? त्याला कळलं की धावतच येईल."

"तसा नाय, ताई. त्याला बातमी लिवाला धाडा. सगल्यांना फोन केलं, पन कोनी घरातून निंगत नाय. बोलतान, तुमच्या सायटीवर अजून आलं नाय."