धर्माचे क्रेट

कुवैतच्या खैतान भागातलं फळांचं दुकान मी शून्यातून उभं केलं. माल कसा पारखायचा, हे मला कोणी शिकवायला नको. पण झाडाला डोळा भरता येत नव्हता, म्हणजे चांगल्या जातीचा कोंब सालीत बसवून कलम बांधता येत नव्हतं, आणि गावाकडे अ‍ॅपल बोराची बाग लावायची तर कलम स्वतःच्या हाताने करायचं, असं मी ठरवलं होतं. कलमं विकणाऱ्याने एकदा फसवलेलं होतं.

म्हणून वफ्र्याच्या शेतीपट्ट्यात, एका कुवैती कुटुंबाच्या बोराच्या बागेत, मी शुक्रवारी फुकट राबायचं कबूल केलं. बदल्यात घरातले म्हातारे मालक हंगाम संपल्यावर मला डोळा भरायला शिकवणार होते. त्यांना सगळे हज्जी म्हणत. सौदा चोख होता. मीच ठरवला होता.

त्या बागेची एक रीत होती. तोडणीचे पहिले क्रेट फूड बँकेचे, उरलेला माल बाजाराचा. माझ्या डोक्यात तिडीक जायची. पहाटेच्या गारव्यात देठासकट तोडलेलं बोर फुकट वाटायचं, आणि उन्हाने नरम पडलेलं गिऱ्हाइकाला? चार शुक्रवार काट्यांनी हात सोलून घेत मी गप्प बसलो.

पाचव्या शुक्रवारी हज्जींना यायला उशीर झाला. तोवर मी फूड बँकेचे क्रेट माझ्या पद्धतीने भरले. खाली डागी माल, वर चांगल्याचा थर. बाजारात भरतात तसेच.

हज्जींनी आल्या आल्या एका क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घातला आणि तळातलं बोर माझ्या नाकासमोर धरलं.

"ये तुम खाएगा?"

"हज्जी, मुफ्त का है. हमारे गाँव में बोलते हैं, दान की गाय के दाँत नहीं गिनते."

"हाँ, वो नहीं गिनेगा. शरम से नहीं गिनेगा. इसलिए मैं गिनता."

बागेतले दोन्ही मजूर फिस्सकन हसले. "सेठ, आज तो आपका ही माल वापस!"

हज्जींनी ताडपत्री अंथरायला लावली, सगळे क्रेट तिच्यावर उलटे केले आणि मला पुन्हा निवडायला बसवलं. गुडघ्यांवर. मजुरांसमोर. निवडता निवडताच कळत होतं की म्हाताऱ्याचं बरोबर आहे. पण मला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं?

छाटणी झाली, नवी फूट आली. डोळे भरायच्या दिवशी मी पोचलो तर हज्जी म्हणाले, "इस साल नहीं."

"हज्जी, सौदा मतलब सौदा! पूरा सीज़न मुफ्त में काम किया है!"

"सौदे में क्रेट का धोखा था?"

मग मी घासाघीस केली. आयुष्यभर तेच केलंय. दहा झाडं मागितली, पाचवर आलो, दोनवर आलो. शेवटी मिळाली एक फांदी. हज्जींनी एकदाच करून दाखवलं. हा डोळा धरला तर बाकीचं शिकवणार.

चाकू हातात घेतला तेव्हा कानशिलं तापलेली होती. मजूर बघत होते. काप खोल गेला, सालीखालच्या लाकडात उतरला. तरी डोळा बसवला, पट्टी बांधली. तीन आठवड्यांनी सोडून पाहिली तर डोळा काळा ठिक्कर.

"अगले साल," हज्जी म्हणाले आणि पाणी सोडायला निघून गेले.

काप रागाने खोल गेला, आणि तो राग त्यांनीच चढवला होता. हे मी आजही त्यांच्या तोंडावर सांगेन. पुढच्या हंगामात पुन्हा जाणार आहे. शिकल्याशिवाय म्हाताऱ्याला सोडणार नाही.