सबनीस वकिलांची पितळी पाटी

आमच्या ऑकलंडच्या पापाटोएटो भागातल्या वकिली ऑफिसातले किस्से मी काही मुद्दाम गोळा केलेले नाहीत. सुट्टीला पुण्यात गेले की कुणीतरी विचारतं, "तिकडे कसं काय?" मी एक सांगते, त्याच्यामागून दुसरा येतो, आणि चहा पार थंड होतो. बरं, त्यातले निम्मे एकाच माणसाचे. सबनीस वकिलांचे!

बार्शीच्या कोर्टात पंचवीस वर्षं वकिली केलेला माणूस. मुलगी इथे फार्मसिस्ट, एकुलती एक, म्हणून नवरा-बायको ऑकलंडला आले. इथला नियम असा, की पुन्हा परीक्षा द्या, मग हायकोर्टात शपथ घ्या, आणि तोवर स्वतःला वकील म्हणवून घ्यायचं नाही. म्हणून सबनीस आमच्याकडे क्लार्क. ग्रॅहम आमचा बॉस, मी सेक्रेटरी.

त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, बार्शीच्या दारावरची 'सबनीस, वकील' अशी पितळी पाटी सामानातून आणली होती. दर रविवारी चिंच लावून घासायच्या आणि परत कपाटात ठेवून द्यायच्या. "अजून लावायची नाही म्हणतात गं," त्या मला सांगायच्या. मला फार वाईट वाटायचं.

* * *

पहिल्या दिवशी सबनीस काळा कोट, गळ्याला वकिली पांढरे बँड अशा थाटात हजर! ग्रॅहम हाफ पँटमध्ये. त्याने स्वतः चहा करून यांच्या हातात दिला. बॉसने चहा केला म्हटल्यावर हे ताडकन उभे. "सर, तुम्ही बसा." ग्रॅहम म्हणतो, "नो नो, यू सिट." पाहुण्याच्या आधी कसं बसायचं म्हणून तो उभा, साहेबाच्या आधी कसं बसायचं म्हणून हे उभे.

दोघांनी अख्खा चहा उभ्यानेच संपवला. ग्रॅहमने नंतर मला हळूच विचारलं, "याला पाठीचा त्रास आहे का?"

* * *

एक पाटील म्हणून क्लायंट होते. त्यांना भारतात एक कागद पाठवायचा होता. ग्रॅहमने सही करून दिली. पाटील कागद उलटासुलटा करून बघतात. "शिक्का कुठाय?"

ग्रॅहम म्हणाला, "सही पुरते."

"नुसत्या सहीवर कोण विश्वास ठेवणार? गोल शिक्का पाहिजे!"

सबनीसही माझ्याकडे वळून म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. गोल शिक्क्याशिवाय कागद म्हणजे काय कागद?" ग्रॅहमचं डोकं चालेना. शेवटी वैतागून त्याने स्वतःच्या लहान मुलीचा खेळण्यातला शिक्का ड्रॉवरमधून काढला आणि कव्हरिंग लेटरवर ठॉक करून मारला. गोल, जांभळा, मधोमध किवी पक्षी.

कागद तिकडे बिनतक्रार पास झाला! ग्रॅहम अजून मला विचारतो, कसा काय.

* * *

सबनीस पहिल्यांदा ग्रॅहमबरोबर कोर्टात गेले, मीही फायली घेऊन होते, तो दिवस तर विचारूच नका. दोन्ही पार्ट्या हजर, साक्षीदार हजर, जज वेळेवर. लंचच्या आत निकाल, तोही आमच्या बाजूने. ग्रॅहम खुशीत! सबनीसांचं मात्र गाडीत तोंड सुतकी. मी म्हटलं, तब्येत बरी नाही की काय?

मोटरवेला लागल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"सर, पुढची तारीख मागायला विसरलात का?"

* * *

मग सुपरमार्केट. टोमॅटोच्या डब्यांच्या रांगेत तेच जज समोरून ट्रॉली ढकलत आले. पायात जँडल्स, म्हणजे आपल्या साध्या रबरी स्लिपर. सबनीसांनी तिथल्या तिथे कमरेत वाकून "युअर ऑनर" केलं. आणि न्यायमूर्तींना पाठ दाखवायची नाही ना, म्हणून तसेच मागे मागे सरकत गेले. मागे डब्यांचा मनोरा!

जज साहेब स्वतः खाली बसून डबे उचलू लागले. "स्वीट ॲज, मेट," म्हणाले, म्हणजे 'काही हरकत नाही, मित्रा.'

सबनीसांनी सोमवारी मला गंभीरपणे विचारलं, "वैशाली, हा कोर्टाचा अवमान धरतात का गं?"

* * *

परीक्षेत दोनदा आपटले. दुसऱ्या वेळी म्हणाले, "काकूंना सांगू नकोस, पाटी विकू म्हणेल." विकतायत कसल्या! त्या रविवारी काकूंनी पाटी जरा जास्तच घासली. तिसऱ्यांदा मात्र पास झाले, आणि चौथ्या वर्षी हायकोर्टात शपथेचा दिवस उजाडला.

दारातच गार्डने काकूंची पर्स उघडली. आत पितळी पाटी, चार स्क्रू आणि एक लांबलचक स्क्रूड्रायव्हर. स्क्रूड्रायव्हर त्याने ठेवून घेतला. "जाताना न्या." मी काकूंना समजावून आत नेलं. त्या धुसफुसतच बसल्या.

रजिस्ट्रारने नाव पुकारलं. ग्रॅहमने उभं राहून, या गृहस्थांना वकील म्हणून दाखल करून घ्यावं, अशी विनंती केली. जज वळले. "मिस्टर सबनीस?"

सबनीस उठले. ग्रॅहमचा उसना गाऊन पायात येत होता. पंचवीस वर्षांची जीभ सुटली.

"ॲडजर्नमेंट, युअर ऑनर!"

ग्रॅहमचा आ वासलेला. काकूंना इंग्रजी यायचं नाही, पण हा एक शब्द त्यांना पाठ होता. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "अगं बाई! यांनी तारीख मागितली?"

जजनी चष्मा काढला. "कशासाठी?"

सबनीस काकुळतीला आले. "सवय, युअर ऑनर."

"किती वर्षांची?"

"पंचवीस."

"अर्ज नामंजूर. शपथ घ्या, आणि इथे सही करा."

बाहेर आम्ही फोटोसाठी थांबलो. सबनीस गाऊनच्या बाहीने डोळे पुसत होते, ग्रॅहम त्यांची पाठ थोपटत होता. काकूंना हाक मारली, तर त्या जागेवर नाहीत.

त्या दारात, गार्डसमोर हात पुढे करून उभ्या होत्या.

"स्क्रूड्रायव्हर!"